वाळ्याची पुरचुंडी

एकतीस नंबरच्या दाढेने त्या दिवशी अख्ख्या प्रयोगशाळेचं जेवण लांबवलं. डबे उघडले होते, ठेच्याचा वास सुटला होता, आणि मंजूषा धुमाळे यंत्रासमोरून उठायचं नाव घेत नव्हती.

"मॅडम, यंत्र बिघडलंय," तिची सहायक म्हणाली.

मंजूषानेही आधी तेच धरलं होतं. तिने यंत्र बंद केलं, नळ्या धुतल्या, नुसती काच ठेवून शून्य तपासलं आणि त्याच दाढेचा दुसरा काप आत सरकवला. पडद्यावर पुन्हा तोच काळा पट्टा उमटला. यंत्र धडधाकट होतं. मग मात्र ती स्टुलावर बसली.

सन २०४४ मधली ही गोष्ट. दाताचं मूळ ज्या पातळ थराने जबड्याच्या हाडाला धरून असतं, त्या थरावर दरवर्षी एक नवं वलय चढतं, झाडाच्या खोडावर चढतं तसं. हे दंतवैद्यांना जुनंच ठाऊक होतं. नागपूरच्या या प्रयोगशाळेतलं नवं यंत्र एकेक वलय सुटं वाचायचं आणि त्या वर्षी त्या माणसाच्या पोटात पाण्यावाटे काय काय गेलं ते सांगायचं. माणूस विसरतो, नगरपालिकेच्या नोंदवह्यांना वाळवी लागते, दाढ मात्र सगळं जपून ठेवते. म्हणून राज्यभरातल्या दंतवैद्यांकडून काढलेले दात नंबर घालून इथे येत. बरोबर वय आणि गाव एवढंच लिहिलेलं असे. नाव दंतवैद्याच्या कपाटात.

शोध चालला होता तो क्लोरीनच्या पिलावळीचा. क्लोरीन पाण्यातले जंतू मारतं, आणि त्याचे उपकार शंभर वर्षांत कुणी फेडू शकलेलं नाही. पण धरणाच्या पाण्यात कुजलेल्या पानांचे, शेवाळाचे अंश विरघळलेले असतात, आणि क्लोरीन त्यांच्याशीही सोयरीक जुळवतं. त्यातून नवे पदार्थ जन्मतात. त्यांतल्या मोजक्यांची किती मात्रा चालेल हे कायद्याने ठरवून दिलेलं आहे, काहींची नुसती नावं माहीत आहेत, आणि उरलेल्यांना नावही नाही. पाण्याची नवी मानकं ठरवणाऱ्या राज्याच्या समितीवर मंजूषा होती. या निनावी मंडळींपैकी कुणाला वेसण घालायची, हे समितीला महिन्याभरात सांगायचं होतं.

एकतीस नंबरच्या दाढेत २०३१ पासून पुढच्या प्रत्येक वलयात असाच एक निनावी पदार्थ ठासून भरला होता. तोवर तपासलेल्या इतर गावांच्या दातांत जेमतेम सापडावा तो इथे चारशे पट होता. प्रयोगशाळेत त्याला 'नववा' म्हणू लागले, कारण यादीत त्याच्या आधी आठ होते. त्या एकाच गावातून बासष्ट दात आले होते. चाळिसांत नववा होता, आणि त्या चाळिसांपैकी तेरा माणसांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचं दंतवैद्याने कळवलं होतं. एवढ्याशा गावात असे दोन-तीन निघाले असते तरी पुष्कळ झालं असतं.

गावाचं नाव होतं वाघजाळी. मंजूषाची पहिली नोकरी तिथलीच. तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रावर ती नऊ वर्षं केमिस्ट होती आणि तिथूनच नावारूपाला आली होती.

*

बासष्ट दात तपासून झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती वाघजाळीच्या केंद्रावर हजर झाली. तिच्यानंतर तिथला केमिस्ट झालेला गजानन तेलंग तिच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने खुर्ची पुसून दिली, वह्या समोर मांडल्या. तिने दोन दिवस वह्या चाळल्या, गावातल्या चोवीस नळांचे नमुने घेतले. एकाही नमुन्यात नववा सापडला नाही.

इथे एखाद्याने थांबून विचार केला असता. मंजूषाने केला नाही. तेरा माणसं तिच्या डोळ्यांसमोर होती आणि कुणाची तरी मानगूट धरल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. आपण आलो म्हणून या माणसाने हे दोन दिवस डोस नीट ठेवला असणार, एरवी अंदाजपंचे क्लोरीन ओतत असणार, असं तिने ठरवून टाकलं. तिच्या अहवालावर गजाननला निलंबित करण्यात आलं.

किल्ल्या टेबलावर ठेवताना तो आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, नमुना कसा घ्यायचा ते तुमीच शिकवलं मले. नळ पाच मिनिटं सोडून द्यायचा, मंग बाटली लावायची. अठरा वर्षं तसंच घेतो मी."

"मग?"

"मंग काही नाई. फक्त एवढं सांगा, नळ कोन पिते? नळाले पानी येते सहाव्या दिवशी. मधले पाच दिवस लोकं टाकी पितात. टाकीचा नमुना ना तुमी घेतला, ना मी."

मंजूषाने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण जीपमध्ये बसल्यावर ते वाक्य तिला टोचायला लागलं. ड्रायव्हरला तिने गाडी शेवटच्या नळाकडे घ्यायला सांगितली.

*

शेवटचा नळ म्हणजे इंदूकाकू सरोदेंचं घर. धरणाकडून आलेली जलवाहिनी गावभर फिरून तिथे संपते. शेवटच्या नळाला क्लोरीन पोचलं म्हणजे साऱ्या गावाला पोचलं, हा हिशेब, म्हणून मंजूषाचा नमुना कायम त्याच अंगणातला. नमुन्यामागून चहा, चहामागून पोह्यांची ताटली. नऊ वर्षांत ती त्या घरची लेक होऊन गेली होती.

सत्तरी ओलांडलेल्या इंदूकाकू भिंतीला धरून उठल्या. दोन महिन्यांपूर्वी अकोल्याला त्यांचं ऑपरेशन झालं होतं. "पोटात गाठ व्हती, काढली," एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं.

"ये वं मंजू. बस. आधी पानी घे."

घरात आलेल्याच्या हातात आधी पाण्याचा गिलास, हा त्या घरचा नेम. मंजूषाने गिलास ओठाला लावला. वाळ्याचा गार, मातकट सुगंध आला आणि तिला बरं वाटलं. त्या सुगंधाशी तिचं जुनं नातं होतं.

२०३० च्या पावसाळ्यात फुटलेल्या जलवाहिनीतून गटार आत शिरलं आणि वाघजाळीत गॅस्ट्रोने अकरा मुलं गेली. त्यात इंदूकाकूंची तीन वर्षांची नात होती, शर्वरी. मंजूषाने तेव्हा घरोघरी क्लोरीनच्या थेंबांच्या बाटल्या वाटल्या. वीस लिटरला इतके थेंब, मग अर्धा तास थांबायचं, मग प्यायचं. पण वासापायी लोक पाणी तोंडात धरेनात. बाटल्या फळीवर धूळ खात पडल्या. तेव्हा मंजूषाला एक युक्ती सुचली. बाजारातून वाळा आणला, मलमलच्या तुकड्यात बांधला आणि इंदूकाकूंच्या टाकीत सोडला. दुसऱ्या दिवशी वास पळाला. पुढे इंदूकाकूंच्या बचत गटाने पुरचुंड्या शिवल्या, दोघींनी दारोदार फिरून वाटल्या, आणि त्या गावात त्यानंतर गॅस्ट्रोने एकही मूल गेलं नाही. सरकारने ही 'वाघजाळी पद्धत' अकराशे गावांत नेली. मंजूषाला पुरस्कार मिळाला, लोक तिला वाळावाली बाई म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर ते नाव तिला पुरस्कारापेक्षा जास्त आवडायचं.

"तुया त्या दातवाल्या डॉक्टराले म्या माही दाढ देल्ली बरं," इंदूकाकू म्हणाल्या. "दिवाळीत काढली. सरकारी कामाले पायजे म्हने. म्या म्हनलं, मंजूचंच काम असन, घेऊन जा. दाढेचीबी पावती देते बापा तो मानूस." त्यांनी शर्वरीच्या फोटोमागून एक चिठ्ठी काढली.

चिठ्ठीवर आकडा होता एकतीस.

मंजूषाने चिठ्ठी उलटून पाहिली, पुन्हा सुलटून पाहिली. मग तिची नजर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेली. स्टीलची टाकी, घट्ट बसवलेलं झाकण, शेजारी थेंबांची बाटली, आणि झाकणाच्या कडेने बाहेर आलेली पांढरी दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय लोंबतंय हे तिला न पाहता माहीत होतं.

"काकू, यात थेंब केव्हा टाकता?"

"रोज सकाळी. क्लोरीन हाय का नाई ते पायाले आशाताई येते, तिच्या नळीतलं पानी पिवळं झालं पायजे ना? एक दिवस चुकत नाई मी."

"आणि पुरचुंडी?"

"ते तं आतच राह्यते."

हातातल्या गिलासातलं उरलेलं पाणी मंजूषाने नमुन्याच्या बाटलीत ओतलं. इंदूकाकू हसल्या. "उष्टं पानी तपासतं का आता?"

*

त्या उष्ट्या पाण्यात नववा निघाला, तेव्हा तिने काचेच्या तीन बरण्या मांडल्या. पहिलीत वाघजाळीच्या नळाचं पाणी आणि रोजचे थेंब. दुसरीत तेच पाणी आणि नुसता वाळा. तिसरीत दोन्ही. झाकणं घट्ट लावून सहा दिवस ठेवल्या.

ते सहा दिवस तिला धड जेवण गेलं नाही. पहिल्या बरणीत नववा निघू दे, म्हणजे गजाननचा दोष, असं ती मनात घोळवायची, आणि लगेच स्वतःची लाज वाटायची.

पहिलीत नववा नव्हता. दुसरीत नव्हता. तिसरीत इतका होता की आलेखाची रेघ पडद्याच्या वर निघून गेली.

आता सगळं उघड होतं. वाळ्याच्या मुळांतल्या सुगंधी तेलाशी क्लोरीनची गाठ बंद टाकीत पडत होती, आणि दोघांच्या संगतीतून नववा तयार होत होता. वाळा निर्दोष होता. क्लोरीनही आपलं काम चोख करत होतं. वास का पळाला, याचं उत्तरही त्या बरणीतच होतं: क्लोरीन वाळ्यात खर्ची पडत होतं. बायकांना वाटे थेंब कमी पडले, म्हणून त्या रोज नवे टाकत. नळ तपासून हे शंभर वर्षांत सापडलं नसतं, कारण नववा नळात नव्हताच. तो माणसांच्या स्वयंपाकघरात जन्मत होता, आणि जे घर जास्त काटेकोर तिथे जास्त. ज्यांनी आळसाने बाटल्या फळीवर ठेवल्या, त्या बावीस जणांचे दात स्वच्छ होते.

मंजूषा कितीतरी वेळ त्या तिसऱ्या बरणीकडे बघत राहिली. दारोदार फिरून, हात जोडून, गोड बोलून तिने हे लोकांच्या घशात उतरवलं होतं. अकराशे गावांत, आणि त्यांतल्या एकाही गावाचा दात अजून यंत्राखाली आला नव्हता.

समितीचे सचिव देशकर माणूस वाईट नव्हता. फोनवर सगळं त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, पुरचुंड्या उद्यापासून बंद करू. पुरवठा संपला म्हणून सांगू. कारण मात्र सांगायचं नाही."

"का?"

"कारण लोकांच्या कानात एवढंच शिरेल की सरकारी थेंबांनी कॅन्सर होतो. वाळा तर टाकून देतीलच, बरोबर थेंबही टाकून देतील. मग येत्या पावसाळ्यात काय होईल ते मी तुम्हाला सांगायला हवं का?"

सांगायला नको होतं. अकरा छोटी प्रेतं तिने पाहिली होती. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात तिला सुटल्यासारखंही वाटलं. कारण सांगायचं नाही म्हणजे तिचं नावही घ्यायचं नाही. वाळावाली बाई तशीच राहील. फक्त गजानन निलंबित राहील, चाळीस माणसांना आपली वेळेवर तपासणी करून घ्यायला हवी हे कळणार नाही, आणि ज्या घरी पुरचुंड्यांचा साठा आहे ते घर तो संपेपर्यंत वापरत राहील.

"मला एक दिवस द्या," ती म्हणाली. "एका माणसाला विचारते. तिने थेंब सोडले तर सगळेच सोडतील, मग तुमचं म्हणणं मी मान्य करीन."

*

इंदूकाकू अंगणात बसून मलमलचे तुकडे कापत होत्या. आजारपणातही गटाचं काम सुटलं नव्हतं. शेजारी वाळ्याची जुडी होती.

"ये. बस. पानी देते."

"नको काकू. आधी ऐका."

मंजूषाने सांगितलं. वैज्ञानिक शब्द न वापरता सांगितलं, त्यामुळे ते जास्तच भयंकर वाटलं. दाढ, बरण्या, नववा, तेरा माणसं. तुमची गाठ यानेच झाली असं एका माणसापुरतं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, हेही सांगितलं, आणि मला तसंच वाटतं, हेही.

इंदूकाकूंच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली. "वाळ्यानं?"

"वाळा आणि थेंब एकत्र राहिल्याने."

"तूनंच आनला व्हता वाळा."

"हो. मीच."

"आन म्या वाटला." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "निर्मलाच्या घरी म्या नेऊन देल्ला. ते नाई म्हनत व्हती, वास चालते म्हने मले. म्या जबरदस्तीनं टाकला तिच्या टाकीत. निर्मला मांगच्या साली गेली. गाठच व्हती तिले." त्या शेजारच्या कुलूप लावलेल्या दाराकडे बघत राहिल्या. "माह्या शर्वरीसारखं कोनाचं होऊ नये म्हनून केलं व माय म्या."

मंजूषाने हात पुढे केला, तो इंदूकाकूंनी घेतला नाही.

कात्री खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आता थेंब टाकू का नको?"

"टाका. वाळा काढून टाका, थेंब टाका. नळाला पाणी आलं की टाकी रिकामी करून धुवा. वास येईल, तो येऊ द्या."

"तवाबी तूनंच सांगतलं, दोन्ही टाक. आता सांगतं एक टाक, एक काढ. धा वर्षांनी येऊन आनखी काही सांगशीन. मी काय खरं धरू, मंजू?"

"माहीत नाही काकू," मंजूषा म्हणाली. "तेव्हा मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. आजही तेवढंच सांगतेय. उद्या सगळ्या गावासमोर माझं नाव घेऊन हेच सांगणार होते. पण तुम्हीच थेंब सोडणार असाल, तर मला गप्प बसावं लागेल."

इंदूकाकू उठल्या. मंजूषा आधार द्यायला पुढे झाली, तो त्यांनी झिडकारला. आत जाऊन त्यांनी टाकीचं झाकण काढलं, दोरी ओढून पुरचुंडी बाहेर घेतली आणि चुलीत टाकली. टाकी तिरकी करून सगळं पाणी मोरीत ओतलं. नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते आणि पाणी ओतणं त्या घराला परवडणारं नव्हतं, तरी ओतलं. टाकी घासली. मग वापराच्या ड्रममधली एक घागर पाणी गाळून आत ओतलं, बाटली घेतली आणि थेंब मोजून टाकले. एक, दोन, तीन, मोठ्याने, वाटप करताना मंजूषाने साऱ्या बायकांना शिकवलं होतं तसे. बाटलीचं बूच लावलं.

मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून त्या खाली बसल्या. अर्धा तास थांबायचं होतं.

दोघी टाकीसमोर बसून राहिल्या. दहा मिनिटं गेली, वीस गेली. शर्वरीचा फोटो वरून बघत होता.

"माहा राग गेला नाई," इंदूकाकू एकदा म्हणाल्या. "लवकर जानारबी नाई."

"हो काकू."

"निर्मलाच्या पोराले मी सांगन. तू नको सांगू. ते माह्याकडं लागते."

गजाननच्या घरी आजच जायचं, रात्र पडायच्या आत, हे मंजूषाने मनाशी पक्कं केलं. तिथे पाण्याचा गिलास पुढे येईल की नाही, तिला सांगता येत नव्हतं.

अर्धा तास भरला. इंदूकाकूंनी टाकीची तोटी सोडून गिलास भरला. आधी स्वतः एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, गिळला. मग दुसरा गिलास भरून मंजूषापुढे धरला.

"घे. वास येते."

वास येत होता. पोहण्याच्या तलावासारखा, नाकात जाणारा. मंजूषाने गिलास दोन्ही हातांनी धरला आणि तळापर्यंत प्यायला.